ऐच्छिक काका, अनिवार्य काका

मजकुराला शिस्त लावण्यासाठी माणसाने जे उपाय योजले, त्यांत खुणा लावण्याचा उपाय तसा अलीकडचा असून त्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे, कोनी कंसांत, त्या तुकड्याचे नाव लिहिलेले असते. म्हणजे 'वर' अशी खूण उघडते, तिच्यामागोमाग वराचे नाव येते आणि तिरकी रेघ घातलेल्या तशाच दुसऱ्या खुणेने ते प्रकरण मिटते. या खुणेला टॅग म्हणतात आणि उघडत्या व मिटत्या टॅगसकट त्यांच्यामध्ये जे काही येते त्या सगळ्याला घटक म्हणतात. आयबीएम कंपनीत १९६९ साली चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी या पद्धतीचा पाया घातला आणि पुढे तिला जीएमएल असे नाव मिळाले. त्यातील तीन अक्षरे या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत आणि हे मुद्दाम जुळवून आणलेले होते. इतरांच्या कामाला नावे ठेवणारे विद्वान जगात पुष्कळ आहेत, पण स्वतःच्या कामाला स्वतःचीच नावे ठेवून वर ती अर्थपूर्ण करून दाखवणारे विरळा. या जीएमएलमधून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण निघाले आणि त्याचा बोजा हलका करून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल ही भाषा प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिच्याशी आपला काही संबंध नाही अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी वर्डमध्ये टंकलेल्या फाइलच्या नावाचे 'डॉकएक्स' हे शेपूट बदलून 'झिप' करावे आणि ती उघडून पाहावी; आत एक्सएमएलचाच संसार थाटलेला आढळेल.

एक्सएमएलमधील दस्तऐवजाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली सुरचितपणाची असते. जो टॅग शेवटी उघडला तो आधी मिटला पाहिजे, एका घटकाची शेपटी दुसऱ्याच्या पोटात अडकता कामा नये आणि सगळ्यांना पोटात घेणारा मूळ घटक एकच असला पाहिजे. एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांची चळत ज्याने कधी मांडणीवर लावली आहे, त्याला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. या परीक्षेत एक मिटता टॅग राहिला तरी यंत्राने पुढचे काम थांबवावे अशी प्रमाणाची आज्ञा आहे. वेबपाने दाखवणारा ब्राउझर चुकलेल्या एचटीएमएलला सांभाळून घेतो, लिहिणाऱ्याला काय म्हणायचे असेल याचा उदार अंदाज बांधतो आणि पान दाखवून मोकळा होतो. एक्सएमएल वाचणारे यंत्र मात्र पहिल्याच चुकीला वही मिटून उठते. दुसरी परीक्षा वैधतेची असते आणि तीत दस्तऐवज आधी ठरवून दिलेल्या नियमांशी ताडून पाहिला जातो. सुरचित असणे म्हणजे माणूस नीटनेटका होऊन मांडवाच्या दाराशी येणे, आणि वैध असणे म्हणजे त्याला मुळात बोलावणे असणे, असा हा भेद आहे.

ज्या नियमांशी ही ताडणी होते त्यांच्या संचाला स्कीमा किंवा आराखडा म्हणतात. कोणते घटक असावेत, कोणत्या क्रमाने यावेत, किती वेळा यावेत, कोणाच्या पोटात कोणी राहावे आणि कोणाच्या आत कोणत्या जातीची माहिती असावी, हे सारे आराखडा ठरवतो. आराखडा लिहायला नुकत्याच शिकू लागलेल्या माणसाची मनःस्थिती हौसिंग सोसायटीत पहिल्यांदाच सचिव झालेल्या सभासदासारखी असते, कारण नियम करण्याचा अधिकार त्याच्या हाती आयुष्यात प्रथमच आलेला असतो आणि ज्यांच्यासाठी नियम करायचे ती माणसे त्या क्षणी समोर नसतात. नियम करणाऱ्याला एवढे स्वातंत्र्य पुरते, आणि बहुधा बाधतेही.

सरावासाठी लग्नपत्रिकेचा नमुना घ्यावा असा मोह मराठी विद्यार्थ्याला सहज होतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही, कारण वरवर पाहता लग्नपत्रिकेइतका ठरीव साच्याचा दस्तऐवज मराठी समाजाने दुसरा निर्माण केलेला नाही. वर दैवताचे चित्र, त्याखाली कुलदैवताचे नाव, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग चिरंजीव, मग चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, मग मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, निमंत्रकांची फौज आणि तळाशी कोपऱ्यात, ज्यांना अजून लिहिता येत नाही अशा भाचवंडांच्या नावाने छापलेले 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', असा हा क्रम वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. शिवाय घटकांची नावे देवनागरीत ठेवायला एक्सएमएलची हरकत नसते. नावात रिकामी जागा चालत नाही, पण टिंब चालते, त्यामुळे 'चि.सौ.कां.' हे सलग लिहिल्यास एका घटकाचे पूर्णपणे नियमात बसणारे नाव ठरते, आणि हे कळल्यावर विद्यार्थ्याला आपली संस्कृती आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण यांच्यात काही पूर्वजन्मीचे नाते असावे असे वाटू लागते.

पहिला आराखडा डीटीडी या पद्धतीने लिहिला जातो. डीटीडी म्हणजे दस्तऐवजाच्या प्रकाराची व्याख्या; ती एसजीएमएलकडून वारशाने आलेली असून तिची लिपी आटोपशीर आहे. स्वल्पविराम म्हणजे 'यानंतर हे', उभी रेघ म्हणजे 'हे किंवा ते', प्रश्नचिन्ह म्हणजे 'असले तर एकदा', तारका म्हणजे 'कितीही वेळा, नसले तरी चालेल' आणि अधिकाचे चिन्ह म्हणजे 'निदान एकदा तरी'. नावापुढे काहीच चिन्ह नसले तर तो घटक नेमका एकदा आलाच पाहिजे. नवशिका विद्यार्थी ही चिन्हे पाठ करतो आणि वापरत मात्र नाही. त्याच्या आराखड्यात दैवत एकदा, वर एकदा, वराचे वडील एकदा, मुहूर्त एकदा, असे सगळे नेमके एकदाच आणि अनिवार्य असते. घरच्या पत्रिकेवर हा आराखडा लावून पाहिला की ती वैध ठरते, आणि ती वैध ठरणारच, कारण तिच्याकडे बघूनच तो लिहिलेला असतो.

अडचण शेजारची पत्रिका आणल्यावर सुरू होते. त्या घरी वराचे वडील हयात नसल्याने निमंत्रण एकट्या आईच्या नावाने गेलेले असते आणि आराखड्यात 'वडील' अनिवार्य असल्याने यंत्र त्या माउलीला विनासंकोच अवैध ठरवते. तिसरी पत्रिका बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयाची असते. तीत दैवताच्या चौकटीला आणि मुहूर्ताला जागाच नसते, नुसती वेळ असते. चौथ्या जोडप्याने विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी विवाह उरकलेला असतो आणि पत्रिका फक्त स्वागत समारंभाची असते. विवाह निबंधकाने सहीशिक्क्यानिशी वैध ठरवलेला विवाह एका विद्यार्थ्याचा आराखडा अवैध ठरवतो, आणि चूक पत्रिकेचीच असावी असे त्या विद्यार्थ्याला पुढले काही दिवस मनापासून वाटत राहते.

यानंतर नातेवाइकांचे प्रकरण येते. इंग्रजीत ज्याला एका शब्दात गुंडाळले जाते त्या गृहस्थाचे मराठीत काका, मामा, आतोबा आणि मावसोबा असे चार प्रकार होत असल्याने मराठी आराखड्यात निमंत्रकांचा विभाग आपोआप लांबतो. विद्यार्थी असा विचार करतो की, थोरले काका रुसले नसतील तर त्यांचे नाव आधी यावे आणि ते रुसले तरी निदान एक काका पत्रिकेत असायलाच हवेत. म्हणून तो आधी प्रश्नचिन्हांकित काका लिहितो, मग स्वल्पविराम देतो आणि मग बिनचिन्हाचे काका लिहितो. म्हणजे एक ऐच्छिक काका आणि त्यांच्यामागे एक अनिवार्य काका. माणसांना हे वाक्य बिनचूक कळते, पण यंत्र ते घेत नाही, कारण पत्रिकेत पहिले काका दिसताच ते ऐच्छिक की अनिवार्य हे यंत्राला तिथल्या तिथे, पुढे डोकावून न पाहता, ठरवता आले पाहिजे असा नियम आहे. एक्सएमएल स्कीमा या पुढच्या पद्धतीत या नियमाला 'युनिक पार्टिकल ॲट्रिब्यूशन' असे भारदस्त नाव आहे. उपाय सोपा असतो: अनिवार्य काका आधी आणि ऐच्छिक काका नंतर लिहिले की संख्या तीच राहते आणि संदिग्धता जाते. मात्र त्यामुळे थोरले काका दुसऱ्या क्रमांकावर जातात आणि मग ते खरोखरच रुसतात.

जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांनी २००१ साली मांडलेल्या रिलॅक्स एनजी या आराखडाभाषेत ही अट नाही. तिच्या मागचे गणित दोन्ही शक्यता हातात धरून पुढे जाते आणि पंक्तीच्या अखेरीस कोणती खरी ठरली ते पाहते. कुटुंबात असा समंजसपणा ज्या व्यक्तीकडे असतो तिच्याकडेच पत्रिकेचा मजकूर सोपवला जातो, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको.

घटक आणि गुणधर्म यांच्यातला वाद याहून जुना आणि अधिक चिवट आहे. गुणधर्म म्हणजे उघडत्या टॅगच्या आतच लिहिलेली छोटी नोंद, जशी पत्रिकेत वराच्या नावापुढे कंसात त्याची पदवी येते. पदवी हा स्वतंत्र घटक करावा की वराचा गुणधर्म, यावर नवशिक्यांचे तास खर्ची पडतात. गुणधर्माच्या तीन मर्यादा असतात: एका घटकावर एका नावाचा गुणधर्म एकदाच येतो, त्याच्या पोटात दुसरे घटक राहू शकत नाहीत आणि गुणधर्मांच्या आपसातल्या क्रमाला अर्थ नसतो. विद्यार्थी पदवीला गुणधर्म करतो, आणि त्याच आठवड्यात बी.ई. झाल्यावर परदेशी जाऊन एम.एस. केलेला वर येतो, ज्याच्या वडिलांना दोन्ही पदव्या, दुसरीच्या पुढे देशाचे नाव, आणि तेही त्याच क्रमाने छापून हवे असते. तेव्हा गुणधर्म मोडून घटक करावा लागतो आणि आधीच्या सर्व पत्रिका नव्याने लिहाव्या लागतात. जी गोष्ट एकाहून अधिक होण्याचा किंवा जिच्या पोटातून आणखी काही निघण्याचा संभव आहे तिला घटकच करावे, हा धडा पुस्तकात वाचून कळतो पण या वडिलांना भेटल्यावर लक्षात राहतो.

डीटीडीचा मोठा दोष असा की घटकाच्या पोटातल्या मजकुराची जात तिला ठरवता येत नाही. 'दिनांक' या घटकात कोणी 'नंतर कळवू' असे लिहिले तरी ती ते वैध मानते. या उणिवेवर उतारा म्हणून २ मे २००१ रोजी एक्सएमएल स्कीमा हे प्रमाण आले आणि त्याने एकोणीस मूळ आणि पंचवीस साधित असे एकूण ४४ माहितीप्रकार तयार दिले. हा आराखडा स्वतःच एक्सएमएलमध्ये लिहिला जातो, त्यामुळे आराखड्यांचाही आराखडा असतो आणि तो त्या प्रमाणातच छापलेला आहे. नियमावलीला नियमावली असावी ही कल्पना आपल्याकडील कार्यालयांना परकी वाटू नये. दिनांक या प्रकाराला वर्ष, महिना, दिवस अशाच क्रमाने आणि मध्ये आडव्या रेघा देऊनच तारीख लागते. वेळ या प्रकाराला तास आणि मिनिटांबरोबर सेकंदही लागतात, ते गाळता येत नाहीत. मुहूर्त दुपारी बारा वाजून छत्तीस मिनिटांचा असला तरी यंत्र पुढचे सेकंद मागते, आणि प्रत्यक्षात अंतरपाट दूर होईपर्यंत एक वाजलेला असतो ही गोष्ट कोणत्याही माहितीप्रकारात बसत नाही. गोरज मुहूर्तासाठी मात्र प्रमाणाने सोय ठेवली आहे: दोन प्रकारांचा संयोग करून 'एकतर घड्याळी वेळ, नाहीतर गोरज हा एकच शब्द' असा नवा प्रकार बांधता येतो, आणि ज्या दिवशी विद्यार्थ्याला हे साधते त्या दिवशी तो घरी जरा उशिराच जेवतो.

तिथीपुढे मात्र चव्वेचाळीसही प्रकार हात टेकतात. नुसता महिना, नुसते वर्ष किंवा महिना आणि दिवस एवढेच लिहिण्यासाठी जे प्रकार दिले आहेत त्यांच्या इंग्रजी नावांआधी 'जी' हे अक्षर लागते आणि ते ग्रेगोरियन पंचांगाचे असते. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी तिथे कशीही बसवता येत नाही. विद्यार्थी मग महिन्यांची आणि तिथ्यांची यादी स्वतः करतो, प्रत्येक तिथीला एक सूर्योदय मिळेल असे गृहीत धरतो, आणि नंतर त्याला कळते की क्षयतिथीच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही, वृद्धितिथीला दोन मिळतात आणि अधिक मास आला की महिनाच दोनदा येतो. ग्रेगोरियन महिना तरी सुरळीत पार पडला असे नाही: २००१ च्या मूळ प्रमाणात नुसत्या महिन्याच्या अंकाआधी दोन आणि अंकानंतरही दोन आडव्या रेघा घालण्याचे फर्मान होते आणि पुढे शुद्धिपत्र काढून मागच्या दोन रेघा वगळाव्या लागल्या. जगातले नामांकित तज्ज्ञ एकत्र बसूनही 'महिना' हा शब्द पहिल्या फटक्यात नीट लिहू शकले नाहीत, ही गोष्ट नवशिक्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त धीर देते.

मराठी मजकुराचे आणखी काही प्रश्न असतात. होकार-नकारासाठी जो प्रकार आहे त्याला इंग्रजी 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे दोन शब्द लहान अक्षरांत, किंवा एक आणि शून्य हे दोन अंक, एवढेच कळते. त्यामुळे 'लग्नाला येणार का' या प्रश्नाला मराठी माणूस देतो ते 'बघतो, जमवतो' हे तिसरे आणि सर्वांत खरे उत्तर साठवण्याची सोय नाही. पूर्णांकाचा प्रकार फक्त रोमन लिपीबरोबर येणारे अंक ओळखतो, तेव्हा देवनागरी पाच त्याला पाच वाटत नाही. पण अक्षरांचा साचा ठरवून देण्याची जी पॅटर्न नावाची सोय आहे, तीत अंकासाठी असलेले चिन्ह प्रमाणानुसार कोणत्याही लिपीतला दशमान अंक स्वीकारते. परिणामी सहा आकडी पिनकोड देवनागरीत लिहिला तर एकाच आराखड्याच्या एका दाराशी तो अडवला जातो आणि दुसऱ्या दाराने सन्मानाने आत घेतला जातो. या झटापटीत एक उपयोगी तत्त्व हाती लागते: ज्याची कधी बेरीज करायची नाही ते अंकांनी लिहिलेले असले तरी संख्या म्हणून साठवू नये. दूरध्वनी क्रमांक संख्या मानला की पुण्याच्या ०२० मधले पहिले शून्य निरर्थक ठरते आणि निमंत्रकाला फोन लागत नाही.

लांबीची मर्यादा हे याच प्रकरणाचे उपांग आहे. नाव आठ अक्षरांहून लांब नसावे असा नियम विद्यार्थी सहज लिहून जातो आणि 'ज्योत्स्ना' नावाच्या वधूला यंत्र अडवते. माणसाला त्या नावात दोनच अक्षरे ऐकू येतात, पण यंत्र युनिकोडमधली चिन्हे मोजते आणि ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न आणि आकार अशी ती नेमकी दहा भरतात. कमल तीन चिन्हांत आटोपते आणि ज्योत्स्नेला दहा लागतात. जोडाक्षरांनी मराठीला सौंदर्य दिले हे खरे असले तरी रकान्याची रुंदी ठरवणाऱ्याला ते कोणी आधी सांगितलेले नसते.

दस्तऐवजातल्या एका जागेवरून दुसरीकडे बोट दाखवण्यासाठी डीटीडीत आयडी आणि आयडीरेफ असे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे घटकाला दिलेली एकमेव ओळख आणि दुसरा म्हणजे त्या ओळखीचा हवाला. हवाला दिलेली ओळख दस्तऐवजात कुठेतरी आहे एवढेच यंत्र तपासते, ती कोणाची आहे हे पाहत नाही. वधूचा मामा म्हणून मंगल कार्यालयाचा हवाला दिला तरी डीटीडी समाधानी असते, आणि मुलीला बोहल्यावर आणण्याची जबाबदारी एका इमारतीवर येऊन पडते. एक्सएमएल स्कीमात की आणि कीरेफ या जोडीने हा प्रश्न सुटतो, कारण हवाला कोणत्या यादीतल्या कोणाचा असावा हे तिथे नेमून देता येते.

दोन्हीकडच्या मंडळींत 'आई' हा घटक असल्याने गोंधळ होऊ नये म्हणून नेमस्पेसची योजना आहे. नेमस्पेस म्हणजे नावांचे घराणे, आणि ते ओळखण्यासाठी बहुधा वेबपत्त्यासारखी दिसणारी ओळ वापरतात. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर काही उघडले नाही म्हणून विद्यार्थी तक्रार करतो, पण तिथे काही असण्याचे बंधनच नसते. ते नाव आहे, ठिकाण नव्हे. बंगल्याच्या फाटकावर 'मातृछाया' लिहिलेले असते तेव्हा त्या नावाने रिक्षा करून तिथवर पोचता येत नाही, तरीही ते त्या घराचेच नाव असते, तसा हा प्रकार आहे.

एवढे शिकून झाल्यावर आराखड्याच्या मांडणीच्या शैलींशी परिचय होतो. सगळे घटक एकमेकांच्या पोटात जिथल्या तिथे जाहीर करण्याला रशियन बाहुली म्हणतात; प्रत्येक घटक सुटा, सर्वांना वापरता येईल असा जाहीर करण्याला सलामीचे काप म्हणतात; आणि माहितीचे प्रकार तेवढे सुटे ठेवून घटक आत लपवण्याला व्हेनेशियन ब्लाइंड, म्हणजे पट्ट्यांचा पडदा, असे म्हणतात. ज्याने सलामी खाल्लेली नाही त्याने सुरळीच्या वड्या डोळ्यांपुढे आणल्या तरी हरकत नाही. कोणती शैली श्रेष्ठ यावर जाणत्यांत कडाक्याचे वाद होतात, आणि ज्या पत्रिकेसाठी हे सारे चालले आहे ते लग्न तोवर होऊन गेलेले असते.

चुकांच्या संदेशांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. प्रचलित पडताळणी यंत्रांपैकी एकाचा संदेश 'सीव्हीसी' या अक्षरांनी सुरू होतो, मग एक सांकेतिक क्रमांक येतो आणि मग अमुक घटकापासून सुरू होणारा अवैध मजकूर आढळला, इथे तमुक अपेक्षित होता, असे गंभीर निवेदन येते. यंत्राला जिथे ठेच लागली ती जागा संदेशात असते. दगड जिथे ठेवला गेला ती जागा बहुधा चार ओळी वर असते. मुहूर्त गाळला असेल तर ओरडा कार्यालयाच्या पत्त्यावर होतो, आणि विद्यार्थी निर्दोष पत्ता तासभर उलटसुलट करून पाहतो. घरातला राग ज्याच्यावर निघतो तो क्वचितच त्याचे कारण असतो, हे ज्ञान या ठिकाणी कामी येते.

अशा अनुभवांनी पोळलेला विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातो आणि प्रत्येक घटकापुढे प्रश्नचिन्ह किंवा तारका लावत सुटतो. एक्सएमएल स्कीमात 'इथे काहीही चालेल' असे सांगणारा एक मोकळा कप्पाही मिळतो, आणि आत काय आहे ते कडकपणे तपासावे, जमल्यास तपासावे किंवा बघूच नये असे त्याचे तीन दर्जे असतात. भाचवंडांच्या त्या ओळीसाठी हा कप्पा योग्यच आहे, पण विद्यार्थी हळूहळू सगळी पत्रिका त्यात ओततो. आता त्याच्या आराखड्यात कोणतीही पत्रिका वैध ठरते. वधूवर नसलेली ठरते, तारीख नसलेली ठरते, आणि प्रयोग म्हणून आत टाकलेली वाणसामानाची यादीही कोणतीच तक्रार न होता मंगलकार्य म्हणून मंजूर होते. सगळ्यांना हो म्हणणारा आराखडा कोणाच्याच उपयोगाचा नसतो, कारण त्याच्या होकाराने वाचणाऱ्याला काहीच नवे कळत नाही. प्राचीन व अर्वाचीन ग्रंथांना खुणा लावण्यासाठी १९८७ साली सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या उपक्रमाच्या संचात पाचशेहून अधिक घटक आहेत, पण ते सगळे एकदम वापरावेत अशी अपेक्षाच नाही. प्रत्येक प्रकल्पाने आपल्याला लागतील तेवढे निवडून बाकीचे बाजूला ठेवावेत, यासाठीच त्याची रचना केलेली आहे.

मधली वाट सापडते ती बहुधा स्कीमाट्रॉनच्या परिचयानंतर. रिक जेलिफ यांनी मांडलेली आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेली ही पद्धत घटकांचा साचा बांधत नाही; ती एकेक विधान करते आणि ते खरे आहे का एवढेच विचारते. स्वागत समारंभाची वेळ मुहूर्ताच्या आधीची नसावी, पत्रिकेतला वार आणि तारीख जुळावी, अशा एका जागेचा दुसऱ्या जागेशी मेळ घालणाऱ्या अटी मूळच्या एक्सएमएल स्कीमाला जमत नव्हत्या आणि २०१२ च्या १.१ या आवृत्तीत त्यांची काहीशी सोय झाली. स्कीमाट्रॉनमध्ये विधान खोटे ठरल्यास दाखवायचा संदेश आराखडा लिहिणाराच स्वतःच्या शब्दांत लिहितो. चूक काय झाली हे माणसाच्या भाषेत सांगायचे म्हटले की तो नियम मुळात कशासाठी केला हे आधी स्वतःला सांगावे लागते, आणि 'देवाचे नाव नाही म्हणून ही पत्रिका नामंजूर' असे वाक्य लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याचा हात तिथे थबकतो.

त्या थबकण्यातूनच एक कसोटी निघते: हा नियम मोडला तर नेमके कोणाचे अडेल, असा प्रश्न प्रत्येक घटकाला विचारावा. पत्ता नसेल तर पाहुणा रस्त्यावर उभा राहील, तेव्हा पत्ता अनिवार्य. दिवस आणि वेळ नसेल तर जेवण हुकेल, तेव्हा तेही अनिवार्य. वधूवरांची नावे नसतील तर भलत्याच लग्नात अक्षता पडतील. दैवताचे चित्र, मुहूर्ताचे नाव, पदव्या आणि काकांची संख्या यांवाचून मात्र कोणाचेही पाऊल अडत नाही, म्हणून त्यांना जागा द्यावी आणि सक्ती करू नये. निमंत्रक निदान एक असावा, पण तो वडील, आई, आजी की वधूवर स्वतः, हे ठरवणे यंत्राच्या अखत्यारीतले नाही.

या शास्त्रातले जाणते लोक आराखड्याआधीच्या टप्प्याला दस्तऐवजांचे विश्लेषण म्हणतात आणि एसजीएमएलच्या काळापासून ते त्यावर भर देत आले आहेत. विद्यार्थी तो टप्पा वगळतो, कारण आपल्या घरची पत्रिका म्हणजेच लग्नपत्रिका याविषयी त्याची खात्री असते, आणि त्याच्या पुढच्या बहुतेक चुका याच खात्रीच्या पोटी जन्म घेतात. मराठी घरांत जुन्या पत्रिका सहसा फेकल्या जात नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या आणि दुधाचे हिशेब लिहिले जातात आणि उरलेल्या कपाटाच्या वरच्या फळीवर रबरबँड लावून ठेवलेल्या असतात. हा विषय शिकू पाहणाऱ्याने तो गठ्ठा खाली काढावा, शेजारचे आणि शेजारच्यांच्या ओळखीचे असे आणखी दोन गठ्ठे मागून आणावेत, आणि निदान पंचवीस निरनिराळ्या घरांच्या पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईतो आराखड्याची पहिली ओळ लिहू नये.